रेखाचित्रातले वण

त्या केसची आठवण निघाली की आजही आधी थकवाच जाणवतो. गुन्हा उघड झाला, आरोपी मिळाला, कागदोपत्री सगळं व्यवस्थित आहे. तरी ती संपली असं मला कधी वाटलं नाही.

मी तेव्हा साताऱ्यात एका ठाण्याचा प्रभारी होतो. एका माजी सैनिकाची विधवा, वय सत्तरीच्या पुढे, फिर्याद द्यायला आली. दागिन्यांना पॉलिश करून देतो म्हणून एक इसम घरात शिरला आणि पाटल्या घेऊन गेला. लोक विचारतात, एवढ्याला माणसं फसतात कशी? फसतात. दुपारचं घरात एकटं असलं आणि कुणी ‘आई’ म्हणून दारात उभं राहिलं की फसतात.

आजींची नजर चांगली होती. म्हणून एका चित्रकला शिक्षकांना ठाण्यात बोलावून, आजींच्या सांगण्यावरून रेखाचित्र काढून घेतलं. शिक्षकांनी सगळी छाया काळ्या पेनाच्या ठिपक्यांनी दिली. गालाखाली दाट, कपाळावर विरळ. पेन्सिलीने घासलेली छाया झेरॉक्समध्ये नुसता काळा डाग होते, ठिपके टिकतात, असं त्यांचं म्हणणं. ते बरोबरच होतं. चित्र सगळ्या ठाण्यांना गेलं. तिथून कुणीतरी मोबाईलवर टाकलं आणि ते जिल्हा ओलांडून गेलं.

मग तासगावहून खबऱ्याचा फोन आला.

“सायेब, तुमचा मानूस हितं बेदाण्याच्या शेडवर हाय. पोरांनी धरून ठेवलाय. तोंड अगदी चित्रातल्यावानी, वणांसकट!”

स्टेशन डायरीला नोंद केली, तासगाव ठाण्याला कळवलं आणि निघालो. पोचेपर्यंत पोरांनी त्याला चार ठेवून दिल्या होत्या. चाळिशी ओलांडलेला मजूर. गालांवर लहानपणच्या कांजिण्यांचे खोल वण. चेहऱ्याची ठेवणही चित्राशी थोडीफार जुळत होती.

ठाण्यात त्याला विचारलं, “साताऱ्याला कधी गेला होतास?”

“कवाच न्हाई सायेब.”

पण सोबत आलेला शेडमालक सांगून मोकळा झाला होता, की गुन्ह्याच्या दिवशी हा साताऱ्याला जातो म्हणून सुट्टी घेऊन गेला होता. माझा हवालदार पुढे सरकला. “तू न्हाई गेलास, मग सातारा आलता व्हय रं तासगावला?”

मी हवालदाराला बाहेर पाठवलं आणि चहा मागवला. खोटं पकडलं गेलं की मुरलेला गुन्हेगार दुसरं खोटं जुळवायला घेतो. हा माणूस कपाला हात न लावता रडायला लागला.

“पोराला भरतीला सोडाय गेलतो, सायेब. पोरगं ग्राउंडला पास झालंय. आता त्येच्या चौकशीला पोलीस गावात येनार. बापालाच पोलिसांनी उचललाय म्हटल्यावर पोराला घेत्यात व्हय फौजेत? म्हनून न्हाई म्हनलो.”

म्हणजे त्या दिवशी आपण साताऱ्यात होतो, हे त्याने स्वतःच कबूल केलं. माझ्या लोकांच्या मते काम झालं होतं, अटक दाखवायची तेवढी बाकी होती. मी चित्र घेऊन बसलो.

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. मी बी.एस्सी. झालो, प्राणिशास्त्र घेऊन, आणि हे सांगताना मला आजही बरं वाटतं. जर्नलमध्ये बेडकाचं चित्र काढताना छाया घासून दिली की सर पान परत काढायला लावायचे. छाया ठिपक्यांनीच द्यायची, हा नियम. आमच्या बेडकांना काही कांजिण्या झालेल्या नव्हत्या. आणि हातातल्या चित्रात तर ठिपके शर्टाच्या कॉलरवरही होते. कॉलरला वण कुठून येणार?

आजींना आणून माणूस समोर उभा केला असता, तर पुढची ओळख परेड बाद झाली असती. म्हणून फोन लावला. “आजी, त्याचं तोंड कसं होतं, परत एकदा सांगा.”

“लोन्यावानी, बाबा. गुळगुळीत. म्हनून तर घरात घेतला.”

“मग चित्रात गालावर ठिपके कसले आहेत?”

“ते मास्तरांनी दिल्यात. मला वाटलं, पोलिसांची चित्रं तशीच काढत्यात.”

वण असलेला चेहरा लोकांच्या लक्षात राहतो. भरतीच्या मैदानाबाहेरच्या चहावाल्याने त्याला फोटोवरून लगेच ओळखलं. पोरगा आत होता तोवर हा बाहेर झाडाखाली उभा होता. जबाब नोंदवून त्याला सोडलं आणि त्याच्याविरुद्ध काहीही नाही, असं त्याच्या ठाण्याला लेखी कळवलं. खरा इसम पुढे सांगलीत असाच दुसऱ्या घरात शिरताना सापडला. ओळख परेडीत आजींनी त्याच्याकडे बोट दाखवलं. तोंड खरोखरच गुळगुळीत होतं.

त्यानंतर एकही रेखाचित्र मी तसंच बाहेर जाऊ दिलं नाही. छापून किंवा मोबाईलवर लोकांना जसं दिसणार, तसं ते आधी साक्षीदाराला दाखवायचं आणि विचारायचं, यात तुम्ही न सांगितलेलं काय दिसतंय? एवढं शिकलो. पण जे चित्र एकदा गेलं, ते परत बोलवायची सोय कुठल्याच कायद्यात नाही. तो माणूस निर्दोष असल्याचा माझा संदेश फार थोड्या लोकांनी पुढे पाठवला.

पुढे दुसऱ्या कामासाठी तासगावला गेलो होतो. चौकात फ्लेक्स लागला होता. त्याचा मुलगा सैन्यात दाखल झाला होता. गणवेशातला मोठा फोटो, शेजारी आई, मामा, चुलते, सरपंच, खाली गल्लीतली सगळी पोरं. मी दोनदा शोधलं. तेवढ्यात तो शेडमालक भेटला.

“बापाचा फोटो कुठंय?” मी विचारलं.

“त्योच नको म्हनला, सायेब. म्हनला, माजं तोंड लोकांनी लय बघितलंय.”