झाड तोडण्यास हरकत आहे

नगरपरिषदेत ठराव होतात ते कागदावर जातात. उरलेलं सगळं आमच्यासारख्यांच्या डोक्यात साठत राहतं. मी नगरसेविका असताना झाडांच्या समितीवर होते. गाव कर्जत-खालापूर पट्ट्यातलं, एवढंच सांगते. भातखाचरांत टॉवर उभे राहत होते, आणि मधे येणारं झाड तोडायचं की ठेवायचं, ते आम्ही ठरवायचो. सभापती होते दत्तादादा. इथल्याच शेतकरी घरातले, कमी बोलणारे. पण बोलले की समोरचा गप्प!

*

एकदा साइटवर गेलो. बिल्डरच्या इंजिनिअरने गाडीच्या बॉनेटवर नकाशा पसरला. नकाशात प्लॉट साफ मोकळा, एकही झाड नाही. आणि आम्ही उभे होतो ते एका जुन्या आंब्याच्या सावलीत!

दादांनी वर बघितलं, मग नकाशात बघितलं.

"सर, नकाशा जरा जुना आहे," इंजिनिअर म्हणाला. "दोन वर्षांपूर्वीचा."

दादा खोडाला मिठी मारायला गेले. हात अर्ध्यापर्यंतही पोचले नाहीत.

"दोन वर्षांत एवढा?" ते म्हणाले. "मग तोडू नको रं बाबा. याचं बियाणं ठेवायला पायजे."

आंबा राहिला. इमारत चार हात मागे सरकली.

*

सगळीकडे असं जमलं नाही. एका स्कीममध्ये जुनी झाडं गेली, त्या बदल्यात नवी रोपं लावायची अट होती. वर्षभराने पाहायला गेलो तर कंपाउंडच्या कडेने सगळी रोपं वाळून काड्या झालेली.

"पाणी रोज घालतो साहेब. इथली मातीच खराब," तिथला मॅनेजर म्हणाला.

दादांनी एक काडी धरून ओढली. ती अलगद वर आली, नर्सरीच्या काळ्या प्लास्टिकच्या पिशवीसकट. कुणी पिशवी फाडायचेही कष्ट घेतले नव्हते.

ज्या मातीला तो नावं ठेवत होता, तिथे दादांच्या लहानपणी भात पिकायचा. ते काही ओरडले नाहीत. ती काडी त्याच्या हातात देऊन म्हणाले, "याला लावणं नाय म्हणत. पुरणं म्हणतात."

*

एका सोसायटीचं शिष्टमंडळ आलं होतं. मंडळी नवीन राहायला आलेली, बोलायला सभ्य. म्हणाले, गेटजवळचं जांभळाचं झाड काढून द्या. फळं गाड्यांवर पडतात, डाग जात नाहीत, लहान मुलं घसरतात.

दादांनी सगळं ऐकून घेतलं. चहा मागवला.

"सोसायटीचं नाव काय म्हणालात?"

चेअरमन बाईंनी कप खाली ठेवला. "जांभूळबन," त्या अगदी हळू म्हणाल्या.

अर्ज त्यांनीच परत नेला. तेव्हा मला हसू आलं होतं. बाई मात्र हसल्या नाहीत. जाताना त्या मला म्हणाल्या, "फ्लॅट घेताना खरंच बन होतं हो."

*

झाड वाचवलं म्हणजे आपण शहाणे, असंही नसतं. पारूबाई एकट्या राहायच्या, रस्त्याकडेला कौलारू घर. घरावर जुना शिरीष झुकलेला. एक मोठी फांदी तेवढी उतरवा, म्हणून त्यांनी अर्ज दिला होता. जवळच्या सेकंड होमवाल्यांनी झाडाला हात लावू नका म्हणून ओरड केली. मग आमची सभा एकदा पुढे गेली, मग पुन्हा एकदा.

वादळात ती फांदी खाली आली आणि निम्मं छप्पर घेऊन गेली. पारूबाई भाजी आणायला बाजारात गेल्या होत्या, म्हणून वाचल्या.

आम्ही सगळे धावत गेलो. त्या अंगणात फुटकी कौलं गोळा करत होत्या. दादांनी खाली वाकून चार कौलं उचलली. म्हणाले, "पारूआक्का, झाड पुरतंच काढायचं का आता?"

"झाडावर राग नाय माजा," त्या म्हणाल्या. "त्ये निदान हाललं तरी. तुमी नाय हाललात."

छप्पर दादांनी स्वतः उभं राहून नीट करून घेतलं.

*

आता शेवटचा किस्सा. हा मी फार कुणाला सांगत नाही.

दादांच्या वडिलांनी फार पूर्वी एक शेत विकलं होतं. ते हात बदलत बदलत एका बिल्डरकडे आलं. शेताच्या बांधावर एक करंज होता, तो नव्या रस्त्यात येत होता. नोटीस लागली. हरकती ऐकायला सभा भरली. हरकत घेणारं कुणी येईल असं वाटलंच नव्हतं.

दार ढकलून दादांच्या आई आत आल्या. अनसूयामाई. वय बरंच, पाठीत वाकलेल्या. दादा खुर्चीतून उठायला लागले, तशी त्यांनी हातानेच खूण केली. बस.

"माजी हरकत हाय," त्या म्हणाल्या.

बिल्डरचा इंजिनिअर नम्रपणे म्हणाला, "आजी, जमीन तर तुम्ही विकलीत ना?"

"इकली. दत्ताच्या बापानं इकली. मला इचारलं नवतं."

"हरकतीचं कारण सांगा, माई," मी म्हटलं.

माई लेकाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "त्या करंजाखाली माजी पोर हाय. दत्ताच्या आदीची."

दादांना सख्खी बहीण होती, हे दादांनाच माहीत नव्हतं.

त्यांनी विचारलं, "नाव काय होतं, आय?"

"बारशापातुर राहिली कुठं? नाव नाय ठेवलं."

इंजिनिअरनेच नकाशाची गुंडाळी केली. "रस्ता वळवतो आम्ही," तो म्हणाला. मतदान घ्यावं लागलं नाही.

राखलेल्या झाडाला नावाची पाटी लावायचा आमचा नियम होता. पेंटर आला त्या दिवशी दादा स्वतः बांधावर गेले. सोबत मी होते. पेंटरने हिरव्या पत्र्यावर ब्रश टेकवला आणि विचारलं, "दादा, करंज लिहू ना?"

दादा म्हणाले, "ताई लिही."