हातोडीची पेन्सिल

आमच्या तपासणी केंद्रात तिला सगळे हातोडी म्हणायचे आणि तिलाही ते आवडायचं. पन्नाशी ओलांडलेल्या बायकांच्या स्तनांचे फोटो काढणं हे तिचं काम. कॅन्सरची गाठ हाताला लागायच्या आधीच सापडावी म्हणून दर दोन वर्षांनी बायकांना पत्र जातं, त्या येतात, मी टेबलापाशी त्यांची माहिती लिहून घेते आणि आत हातोडीच्या ताब्यात देते. यंत्राच्या दोन पाट्यांमध्ये स्तन दाबावा लागतो. सैल दाबला तर फोटो धुरकट येतो, म्हणून हातोडी कधीच सैल दाबायची नाही. बायका कळवळायच्या, शिव्या घालायच्या. एकीनं तर तिच्या दंडाचा चावा घेतला. दुसरी बाजू अजून बाकी आहे, दात जपून ठेवा, असं हातोडीनं तिला सांगितलं.

राग तिच्या नाकाच्या शेंड्यावर असायचा आणि तो तिनं घरातूनच आणला होता. तिचा थोरला भाऊ, तिचा दादा, ट्रकच्या गॅरेजात मिस्त्री. लहानपणापासून हात उचलणारा. हातोडीच्या भुवईतली खाच त्याचीच. सोळाव्या वर्षी तिनं त्याची बोटं दारात धरून दार लावलं होतं, त्यातली दोन अजून वाकडी आहेत. हे ती आम्हाला जेवणाच्या सुट्टीत हसत हसत सांगायची. दादाचं लग्न झालं आणि मार वहिनीच्या वाट्याला आला. हातोडी भांडून वहिनीला आपल्या घरी आणायची, आणि आठवड्याभरात वहिनी परत जायची.

बावन्नाव्या वर्षी वहिनी पहिल्यांदा आमच्याकडे तपासणीला आली. आवाज इतका बारीक की जन्मतारीख मला दोनदा विचारावी लागली. ती आत गेली आणि पाच मिनिटांत हातोडीचा आरडाओरडा बाहेर ऐकू आला. दादानं पंधरा दिवसांपूर्वी मोठ्या लोखंडी पान्यानं मारलं होतं. डाव्या स्तनावर जांभळा-पिवळा डाग उमटला होता.

आमच्याकडे एक कागद असतो, त्यावर दोन वर्तुळं छापलेली. जुना व्रण, तीळ, मार, काहीही असलं तर वर्तुळात नेमक्या त्या जागी खूण करायची. मग फोटो वाचणाऱ्या डॉक्टरांना कळतं, तिथली सावली कशाची आहे ते. हातोडीची खूण मोहरीएवढी असायची. त्या दिवशी तिनं डावं वर्तुळ पेन्सिलीनं सगळंच्या सगळं खरडून टाकलं. कागद फाटला. शेजारी लिहिलं, ‘नवऱ्याचा मार’. तो कागद फाइलला मीच लावला. तो बघून मला बरं वाटलं होतं, हेही सांगून टाकते.

सुट्टी झाल्याबरोबर ती गॅरेजात गेली आणि पाना उचलून दादाच्या मनगटावर घातला. हाड मोडल्याचा आवाज तिनं आम्हाला तोंडानं काढून दाखवला होता. दादानं दुसऱ्या हातानं तिचे दोन दात पाडले आणि ती पडल्यावर पोटात लाथ घातली. लोकांनी त्याला आवरेपर्यंत तिनं पडल्या पडल्या त्याच्या गुडघ्यावर आणखी एक घाव घातला. दुसऱ्या दिवशी सुजलेल्या तोंडानं ती कामावर हजर. आम्ही तिला डोक्यावर घेतलं. वहिनी या वेळी परत गेली नाही, ती हातोडीकडेच राहिली. काही आढळलं नाही असं केंद्राचं पत्र आलं, ते तिनं कपाटाच्या दाराला चिकटवलं.

चौदा महिन्यांनी आंघोळ करताना वहिनीच्या हाताला गाठ लागली.

हातोडीनं फोटो काढले. जुनी फाइल घेऊन मी डॉक्टरांच्या खोलीत गेले, मागोमाग हातोडीही आली. डॉक्टरबाईंनी जुना फोटो नव्याशेजारी लावला आणि मार नेमका कुठे होता ते विचारलं. हातोडीनं बोट ठेवलं. बाहेरच्या बाजूला, खाली. डॉक्टरबाईंनी आपलं बोट जुन्या फोटोतल्या सावलीवर ठेवलं. आतल्या बाजूला, वर. प्रत्येक फोटो दोन डॉक्टर वाचतात, जुळलं नाही तर तिसरा ठरवतो. एका डॉक्टरनं तेव्हा लिहिलं होतं, परत बोलवून घ्या. या बाईंनी लिहिलं, माराची सावली आहे. तिसऱ्यानं खरडलेला कागद बघून यांच्या बाजूनं कौल दिला. या डॉक्टरबाईंना मी आजही माफ केलेलं नाही. डाग गेल्यावर पुन्हा एक फोटो काढायला कुणाचं काय जात होतं? पण कागद हातोडीचा होता.

हातोडीनं भिंतीवर डोकं आपटलं. पुन्हा आपटलं. मी तिला मागून धरलं तर तिचं कोपर माझ्या बरगडीत बसलं. कपाळातून रक्त येत होतं आणि ती दादाला आज जिवंत सोडत नाही म्हणत दाराकडे निघाली. गाठीचा अजून एक मोठा फोटो हवाय, असं डॉक्टरबाई म्हणत होत्या, पण ऐकतंय कोण.

दारात वहिनी उभी होती, अंगावर केंद्राचा झगा. तिनं काय झालं ते विचारलं. हातोडीनं सगळं सांगितलं, वर्तुळ, पेन्सिल, सावली, काही लपवलं नाही. जन्मात कुणावर हात न उचललेल्या वहिनीनं तिच्या थोबाडीत मारली. एवढ्या जोरात की हातोडी दाराची चौकट धरून उभी राहिली.

“मी तुझ्यासमोर उघडी उभी होते,” वहिनी म्हणाली, “आणि तू त्यालाच बघत होतीस.”

“त्याला मी आत्ताच्या आत्ता...”

“आत्ताही त्याच्याकडेच निघालीस ना? अगं, मी इथे आहे.”

हातोडीनं बाहीनं कपाळ पुसलं आणि ती वहिनीला घेऊन यंत्राच्या खोलीत गेली. दार उघडंच राहिलं होतं. तिनं पाटी खाली आणली आणि थांबली.

“दाबू?” तिनं विचारलं. इतक्या वर्षांत हा प्रश्न तिनं कुणालाच विचारला नव्हता.

वहिनी दाब म्हणाली. तिनं दाबलं, फोटो स्वच्छ आला, आणि नव्या कागदावर तिनं मोहरीएवढी खूण केली. कॅन्सर तोवर काखेत पोचला होता.