मीठ विचारणारा माणूस

फोन आला तेव्हा मी दुबईत रास अल खोरच्या मंडईत अळंबीच्या पेट्या उघडून बघत होतो. वरच्या पेट्या ताज्या आणि खालच्यांना घाम सुटलेला, हा काय प्रकार आहे हबीबी, असं माझं विक्रेत्याशी भांडण चाललं होतं. मॅनेजरचा आवाज आला, "महादेव, अन्वरभाई स्टोअर में बैठे थे... उठे नहीं." मी म्हटलं, "उठे नहीं मतलब?" त्याने फोन ठेवून दिला. आणि मी काय करावं? मूर्खासारख्या सगळ्या पेट्या मोजून घेतल्या, पिकअपमध्ये नीट रचल्या, उन्हाची बाजू पुठ्ठ्याने झाकली आणि मगच निघालो. अळंबी सुकली असती तर अन्वरभाई ओरडला असता ना! त्या दिवशी सकाळीच त्याच्या डोळ्यांखालची सूज बघून मी म्हणालो होतो, चल, आधी डॉक्टरकडे जाऊ. तो म्हणाला, "आज सुरमईची ऑर्डर मोठी आहे. उद्या जाऊ." मी "बरं" म्हणालो आणि गाडीची किल्ली उचलली. ते "बरं" मला आता घशाखाली उतरत नाही.

अन्वरभाई रत्नागिरीकडच्या खाडीकाठचा, मी तिथून दोन डोंगर अलीकडचा. आमची ओळख मात्र झाली दुबईत, एका जपानी हॉटेलच्या किचनमध्ये. तो तिथे कुक होता, मी नवा हेल्पर. पहिल्याच दिवशी मी शिटाके अळंबीची टोपली नळाखाली धरली. तो तिकडून धावत आला. "मेल्या, भाजी आहे काय ती? अळंबी पाणी पिते, मग चुलीवर रडते. फडक्याने पूस!" मग नाव विचारलं, गाव विचारलं, आणि गाव ऐकल्यावर कपाळाला हात लावला. "वारुळावरची अळंबी खाऊन वाढलास आणि नळाखाली धरतोस? आईला फोन करून सांगू?" त्याच्या मते शिटाके म्हणजे आपलीच अळंबी, फक्त दुबईला येऊन श्रीमंत झालेली. दुपारी त्याने मला मिसो दाखवला. सोयाबीन शिजवून, वाटून, त्यात मीठ आणि बुरशी धरवलेला तांदूळ घालून महिनोन्महिने मुरवलेला तो लगदा. मी वास घेतला आणि म्हणालो, सुक्या सोड्यांची बरणी उघडल्यासारखं वाटतं. तो इतका हसला की आमचा जपानी मोठा शेफ आत डोकावून गेला.

चौदा वर्षं मी त्याच्या हाताखाली काम केलं. मासा आधी मिठात अर्धा तास ठेवायचा, सुटलेलं पाणी टिपायचं, मग मिसोत माखून दोन दिवस फ्रीजमध्ये. भाजायच्या आधी तो मिसो पुसून काढायचा, नाहीतर मासा कच्चा राहतो आणि वरचं सगळं करपतं. मी एकदा तसाच जाळीवर टाकला आणि किचनभर धूर केला. अन्वरभाई म्हणाला, "जेवून उठलेल्या पोराचं तोंड पुसतोस ना, तसं पुसायचं. धुवायचं नाही, घासायचं नाही." सूप करताना गॅस बंद केल्यावरच मिसो गाळणीतून विरघळवायचा, उकळी आली की त्याचा वास मेला. जपानी लोक मिसोत तांदळाची दारू घालतात. आमच्याकडे परवाना नव्हता आणि असता तरी अन्वरभाईने तिला हात लावला नसता. त्याने तिच्या जागी खजुराचा काळा पाक घातला. शेफने चाखून बघितलं, डोळे मिटले आणि दुसऱ्या दिवशी तो मासा मेन्यूत घालून टाकला. इथली अरब कुटुंबं तोच मासा मागवायला यायची. त्याच्या ताटलीत बाजूला लोण्यात परतलेली शिमेजी अळंबी, आणि लिंबू पिळायला बंदी!

आमची एक रीत होती. रमजानात अन्वरभाईचा रोजा असायचा. जिभेच्या टोकावर घेऊन थुंकलं तर चालतं म्हणतात लोक, पण त्याला ते पटायचं नाही. मग महिनाभर त्याच्या प्रत्येक पातेल्याची चव मी घ्यायचो. आणि श्रावणात मी मासे खात नाही, आईला तसा शब्द दिलेला, तेव्हा माझ्या पातेल्याची चव तो घ्यायचा. तो फक्त एक शब्द विचारायचा, "मीठ?" उत्तरं तीनच चालायची, बरोबर, कमी, जास्त. पहिल्या वर्षी मी कौतुकाने "वा, काय झालंय!" म्हणालो, तर चमचा उगारला त्याने. "छान आहे ते गिऱ्हाईक सांगेल. तू मीठ सांग. आणि जिभेवर आलेलं खोटं बोलायचं नाही, कळलं? दुसऱ्याच्या भरवशावर रांधतोय मी." चौदा रमजान आणि चौदा श्रावण आम्ही एकमेकांची जीभ झालो. घरच्या माणसावर सुद्धा मी कधी इतका विश्वास टाकला नव्हता.

दीड वर्षापूर्वी त्याचे पाय सुजायला लागले. बुटांच्या नाड्या सैल, मग बूट एक नंबर मोठे, मग चपला. बर दुबई भागात आमची खोली, त्यात चार माणसं, खालची खाट त्याची आणि वरची माझी. त्यामुळे त्याचं कण्हणं पहिल्यांदा मीच ऐकलं. मीच त्याला ओढत दवाखान्यात नेला. डॉक्टरांनी रिपोर्ट बघितले आणि सरळ सांगितलं, "किडनी ठीक नहीं है. नमक बंद. गाँव जाओ, बड़े हॉस्पिटल में इलाज शुरू करो, देर मत करो." बाहेर येऊन आम्ही अब्राच्या, म्हणजे खाडीपार नेणाऱ्या होड्यांच्या धक्क्यावर बसलो. होड्या भरून जात होत्या, रिकाम्या येत होत्या. मग तो म्हणाला, "मुलीची दोन वर्षं राहिलीत रे शिक्षणाची. ती एकदा नर्स झाली की खलास, मी निघालो." मी म्हटलं, आणि मिठाचं काय? दिवसभर चाखतोस ते? तर माझ्याकडे बघून हसला. "तू आहेस ना. आता बारा महिने रमजान."

मला ते गोड वाटलं हो... हीच तर माझी चूक. माझ्यावर टाकलेला विश्वास बघून मी फुशारलो. कोणाला सांगणार नाही, अशी शपथ त्याने घेतली माझ्याकडून. शेफला नाही, मॅनेजरला नाही, त्याच्या बायकोला, नफिसाभाभींना तर नाहीच. आणि मी ती पाळली! किचनमध्ये कोणाला पत्ता लागला नाही की हा माणूस आता काहीच चाखत नाही. तो चमचा तोंडापर्यंत न्यायचा, मान वळवायचा, मी पलीकडून आधीच चाखलेलं हळूच सांगायचो, "कमी." तो मीठ घालायचा. लोक त्याचीच तारीफ करायचे. आम्ही दोघं किती हुशार! मी जर एकदा, एकदाच तोंड उघडलं असतं, तर त्याला कुक म्हणून ठेवलं नसतं, तो शिव्या घालत घरी गेला असता, जन्मभर माझ्याशी बोलला नसता. पण जन्म तर उरला असता ना त्याच्याकडे.

गेल्या वर्षीच्या ईदनंतर त्याने एक उद्योग काढला. शेफ जपानला कायमचा परत गेला तेव्हा जाताना बुरशी धरवलेल्या तांदळाचं एक पाकीट अन्वरभाईला देऊन गेला होता. अन्वरभाईने काबुली चणे शिजवले, खोलीतच खाटेवर बसून हाताने कुस्करले आणि त्यात तो तांदूळ कालवला. म्हणाला, "इतकी वर्षं दुसऱ्यांना मिसो वाढला. आता सहा महिने मला एक वाटी सूप पिता येत नाही. हा माझा मिसो, मला चालेल इतक्याच मिठाचा." आणि मूठभर मीठ घातलं. मूठभर! मिसोला तिप्पट लागतं, आणि वर्षभर टिकायचं तर वरून मिठाचा थर लागतो. हे मला कोणी शिकवलं? त्यानेच. मग बोटावर थोडा गोळा घेऊन माझ्यापुढे धरला आणि विचारलं, "मीठ?"

अळणी होतं. जिभेला लागताच कळलं. पण कमी म्हटलं असतं तर त्याने आणखी घातलं असतं, आणि मग त्याला ते खाता आलं नसतं. त्याचे ते चण्याने माखलेले हात, सुजलेली बोटं, आणि तो माझ्या तोंडाकडे बघतोय... मी म्हणालो, "बरोबर." चौदा वर्षांत पहिल्यांदा. त्याने मान डोलावली, लगदा प्लास्टिकच्या बादलीत दाबून दाबून भरला, वर ताटली आणि धुतलेला दगड ठेवला, झाकण लावलं आणि किचनच्या शिस्तीप्रमाणे निळी पट्टी चिकटवून तिच्यावर काहीतरी लिहिलं. बादली गेली त्याच्या खाटेखाली. तो मधूनमधून पायाने ती चाचपून बघायचा.

रमजान सुरू व्हायला पंधरा दिवस होते तेव्हा तो गेला. स्टोअरमध्ये तांदळाच्या गोणीला टेकून बसलेला, अॅप्रन बांधलेला. भाभींनी फोनवर कळवलं, कागदपत्रांत दिवस जातील, त्याचे हाल नकोत, तिथेच माती द्या. दफनाच्या वेळी मी मागच्या रांगेत फोन उंच धरून उभा होतो, म्हणजे भाभींना आणि लेकीला दिसावं. पुढच्यांची डोकी मधे येत होती. लेक सारखी म्हणत होती, "चाचा, नीट धरा, बाबा दिसत नाहीत." सगळं उरकल्यावर भाभींनी विचारलं, "म्हादूभाऊ, खरं सांगा. ते आजारी होते? तुम्हाला काही माहीत होतं?" मी म्हणालो, "नाही भाभी. मला काहीच बोलला नाही." त्या म्हणाल्या, "तुम्ही होतात सोबत, तेवढाच आधार." मी फोन बंद केला आणि तिथेच वाळूत बसलो.

या रमजानात मला कोणी काही विचारलं नाही. नवा कुक मशीनने मीठ मोजतो, चांगला मुलगा आहे, त्याचा काही दोष नाही. तरी संध्याकाळ झाली की मी पातेल्याजवळ जाऊन उभा राहायचो. एकदा त्याने विचारलं, "भाई, कुछ चाहिए?" काय सांगणार, कप्पाळ?

ईदच्या सकाळी खोलीतले बाकीचे नमाजला गेले तेव्हा मी बादली ओढून बाहेर काढली. वर्ष झालं होतं. झाकणावर अन्वरभाईचं तिरकं अक्षर होतं, "मिसो. ईदला उघडणे. मीठ बरोबर." आणि खाली, चव ज्याने घेतली त्याचं नाव लिहायची आमच्या किचनची पद्धत, म्हणून, "चव – म्हादू." मी झाकण उघडलं. आंबूस, सडका भपकारा आला, दगडावर सुद्धा काळी बुरशी चढली होती. तो असता तर त्याने एका नजरेत ओळखलं असतं आणि मला विचारलं असतं, का रे, तुझ्या जिभेला काय झालं होतं? बरं झालं तो नाही, असं क्षणभर मनात आलं, आणि मी माझ्याच थोबाडीत मारून घेतली.

खोलीतले रोज कटकट करतात, वास येतो, टाकून दे. मी झाकण घट्ट लावून बादली परत त्याच खाटेखाली सरकवली आहे. त्या खाटेवर आता दुसरा माणूस झोपतो. मी हे ज्या रविवारच्या पुरवणीसाठी लिहितोय ती भाभींच्या गावच्या वाचनालयात येते आणि लेक ती आणून आईला वाचून दाखवते, हे अन्वरभाईनेच मला सांगितलं होतं. म्हणून भाभी, तिला इथे थांबून जरा सावकाश वाचायला सांगा. मीठ कमी होतं. तो आजारी होता. मला दोन्ही माहीत होतं.