धरून नेण्याचं वय

आमच्या गावात गांजाच्या केसमध्ये फक्त म्हातारे धरले जायचे. वडूजच्या पलीकडचं कोरडं गाव, पिकायचं बेताचंच, पोरं मात्र बक्कळ. ती सगळी फौजेच्या भरतीच्या नादी लागलेली. सकाळी माळावर पळायची, संध्याकाळी पुन्हा पळायची आणि दमली की बिरोबाच्या देवळामागं बसून चिलीम ओढायची. माझा थोरला भाऊ त्यांच्यातलाच, आणि दोन्हीत पुढे.

नव्वद-एक्याण्णवच्या सुमारास पोलिसांनी पहिल्यांदा छापा घातला. पोरं पळाली. त्याचीच तर त्यांची तयारी चालली होती, ती ढेरपोट्या हवालदाराच्या हाती काय लागणार? देवळामागं आबा, म्हणजे माझ्या वडिलांचे चुलते, शेळ्यांची वाट बघत तेवढे उरले. गुडघे गेलेले, उठायलासुद्धा कुणाचा तरी हात लागायचा. चिलीम त्यांच्या पायाशी सापडली. आबांनी जन्मात विडी ओढली नव्हती. पण चिलीम कुणाची हे त्यांना ठाऊक होतं, आणि पोलिसांत नाव लागलं की भरतीला दाखला मिळत नाही हेही ठाऊक होतं.

"माझीच हाय," ते म्हणाले. "जरा हात द्या, उठतो."

वडूजच्या कोर्टात त्यांच्या पांढऱ्या मिशा बघून किरकोळ दंडावर सोडलं. गावाने एवढं बघितलं आणि लगेच शहाणपण शिकलं. म्हाताऱ्याला कुठं भरतीला जायचंय? तेव्हापासून ज्या घरात भरतीचं पोरगं, त्या घरातला म्हातारा संध्याकाळी धुतलं धोतर नेसून देवळामागं जाऊन बसायला लागला. आई आबांच्या पटक्यात भाकरी बांधून द्यायची, कारण ठाण्यात जेवण कधी मिळेल याचा भरवसा नव्हता. हवालदारालाही ते बरं पडलं. "आवं आबा, चला," म्हणायचा आणि त्यांना स्वतः हात देऊन उठवायचा.

मला याची चीड यायची. भावाला मी तोंडावर बोलले होते, की चिलीम तुझी आणि ठाण्यात म्हातारा. तो म्हणाला, "आबांनाच इचार की." आबांना विचारलं तर म्हणाले, "गप ए. कोर्टात पंखा असतोय."

मग तालुक्याला नवे साहेब आले. त्यांनी मागच्या काही वर्षांच्या केसेस बघितल्या आणि शाळेत सभा घेतली. सगळीकडे तरुण पिढी व्यसनात बुडते आहे, इथले तरुण मात्र निष्कलंक आहेत, बिघडले आहेत ते वडीलधारे, असं ते कळकळीने म्हणाले. पोरांनी टाळ्या वाजवल्या. आठ-पंधरा दिवसांत म्हाताऱ्यांसाठी व्यसनमुक्तीचं शिबिर लागलं. साताऱ्याहून डॉक्टर आले.

"दिवसातून किती वेळा ओढता?" डॉक्टरांनी आबांना विचारलं.

आबांनी आईकडे बघितलं. आईने मान खाली घातली.

"दोनदा. पोरं पळाय जात्यात तवा."

"सोडावंसं वाटत नाही?"

"लय वाटतं. पर थोरल्याची भरती झाल्याबिगर सुटायचं न्हाई."

डॉक्टरांनी समजूतदारपणे मान हलवली. काळजीपोटी लागलेलं व्यसन लवकर सुटत नाही, म्हणाले.

पुढच्या वर्षी भाऊ भरती झाला. दाखला धुतल्या तांदळासारखा. निघताना पाया पडला तेव्हा आबांनी त्याला विचारलं, "मला एवढ्यांदा धरून न्हेलं, पर त्याची चव कशी असती रं?" भाऊ तसाच वाकलेला राहिला, शेवटी वडिलांनी त्याला उठवलं.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी आबा गेले. धाकट्या भावाची भरती अजून व्हायची होती, आणि तोही चिलमीला शिकला होता. घरात आता सगळ्यांत थोरले वडील. त्यांचे केससुद्धा काळे होते. आईने धोतर धुतलं, भाकरी बांधली, आणि वडील देवळामागं आबांच्या जागेवर जाऊन बसले. छापा पडला तेव्हा मी शेळ्या घेऊन तिथंच होते. पोरं पळाली. हवालदार धापा टाकत आला, वडिलांकडे बघितलं आणि इकडेतिकडे शोधत राहिला.

"म्हातारं कुठं हाय?"

"गेलं," वडील म्हणाले. "दिवाळीच्या आदी."

हवालदाराने टोपी काढली आणि वडिलांशेजारी खाली बसला. मग त्याने नेहमीसारखा हात पुढे केला. वडिलांना उठायला हाताची गरज नव्हती, तरी त्यांनी तो धरला.

त्या साली साहेबांनी पुन्हा सभा घेतली. व्यसन म्हाताऱ्यांतून आता कर्त्या माणसांत उतरलं आहे, म्हाताऱ्यांच्या केसेस कमी झाल्या ही त्यातल्या त्यात आनंदाची गोष्ट, असं ते म्हणाले. ते ऐकून आईला भर सभेत रडू फुटलं, काही केल्या थांबेना. साहेबांनी भाषण थांबवून तिला पाणी द्यायला सांगितलं, आणि आपलं बोलणं एका तरी माउलीच्या काळजाला भिडलं म्हणून स्वतःचेही डोळे पुसले.