मॅडमचा कोट आणि ओव्याची धुरी

छताचा धुराचा अलार्म बोंबलतोय, पोरगी त्याच्यावरताण बोंबलतीय, माझ्या एका हातात मॅडमचा शंभर वर्षांचा कातडी कोट, दुसऱ्या हातानं निखाऱ्यांवर पाणी ओततीय, आणि किचनच्या दारात मॅडम! लंडनजवळच्या मेडनहेडमधली, मॅडमच्या घरातली ती वरची खोली गेली तर चार महिन्यांची पोर घेऊन जायचं कुठं, एवढंच डोक्यात.

आमच्या या घरमालकीणबाईंनी उभ्या जन्मात कुठल्या माणसावर केलं नसेल एवढं प्रेम त्या कोटावर केलं. त्यांच्या पणजोबांनी कॅनडातून आणलेला. हरणाचं कातडं, तिथल्या बायकांनी धुरावर धरून कमावलेलं, पाठीवर मण्यांची फुलं, बाह्यांवर साळिंदराचे काटे रंगवून, चपटे करून शिवलेले, गळ्याला रेशमाचं भरतकाम. बघून डोळे निवायचे, खोटं कशाला बोलू? पण त्या कोटाला घरात स्वतःची खुर्ची होती, आम्हाला नव्हती. ऊन आलं की त्याला त्रास होतो म्हणून पडदा ओढायच्या, न् आमचा हीटर रात्री आठच्या ठोक्याला बंद. मी फोडणी टाकली की बाहेरच्या खोलीतून काठी आपटायच्या, "अपस्टेअर्स! माझ्या कोटाला मोहरीचा वास लागेल!" अपस्टेअर्स म्हणजे मी. रोज सकाळी बाहीत नाक खुपसायच्या न् म्हणायच्या, "धूर चाललाय. दर वर्षी थोडा थोडा चाललाय." एकदा डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, "ज्या बायांनी हे शिवलं, त्यांची नावंसुद्धा कुणी विचारली नाहीत." दीड वर्ष माझं नाव न विचारलेली बाई! मी म्हटलं, "येस मॅडम."

तर त्या दिवशी डॉक्टरकडे निघाल्या न् म्हणाल्या, "अपस्टेअर्स, कोटाजवळ बस. त्याला एकटं आवडत नाही." बसले. पोरगी मांडीवर. तिनं बरोब्बर बाहीवर दूध काढलं. ओल्या फडक्यानं पुसलं, तर दूध गेलं, आंबूस वास राहिला, न् धुराचा वास पार गेला. मी आठवी शिकलेली, मला असल्या वस्तूंचं काय कळणार? वासाला माझ्याकडे एकच औषध, पोरीला न्हाऊ घातल्यावर देते ते. शेडमध्ये बार्बेक्यूचे कोळसे होते, ते तव्यात पेटवले, आईनं पाठवलेला ओवा टाकला, लसणाची सालं टाकली, न् कोट वर धरला, पोरीला धरते तसाच, आधी पाठ, मग पोट. बाहेर शेजारीण बघेल म्हणून किचनमध्येच.

दारातल्या मॅडमनी पुढं येऊन कोट हिसकावला. नाकाला लावला. न् तशाच उभ्या राहिल्या, अलार्म बोंबलत असताना, डोळे मिटून. जत्रेत हरवलेलं पोर सापडल्यावर आईचं तोंड होतं ना, तसं. मला वाटलं, वाचलो. मग डोळे उघडले न् म्हणाल्या, "दोन आठवडे. मग खोली रिकामी."

हे हॉटेलच्या किचनमधून दमून आलेले, ऐकून डोकं धरून बसले. "अगं, कोटाला कुणी धुरी देतं का?"

"न् मग पोरीच्या दुधाचा वास घालवायला कुणाला बोलावू, तुम्हाला?"

शेवटच्या दिवशी बॅगा दारात. मॅडम कोटाशेजारी, नाक बाहीत. मान वर न करता म्हणाल्या, "अपस्टेअर्स, तव्यातलं ते बी कसलं होतं?" सॉरी नाही, बाय नाही. पर्समध्ये ओव्याची शेवटची पुडी, पोरीचं पोट रोज दुखायचं, न् नवीन आणायला ट्रेननं साउथॉलच्या देशी दुकानात जावं लागायचं.

दिली. अख्खी पुडी खुर्चीच्या हातावर ठेवली न् बस स्टॉपपर्यंत स्वतःला शिव्या घालत गेले. आता नव्या खोलीत फोडणी टाकली तर कुणी काठी आपटत नाही, तरी मोहरी टाकताना हात जरासा थांबतोच. पोरीसकट रस्त्यावर काढलं हो त्या बाईनं. तुम्ही असता तर काय केलं असतं?