उजवीकडून वाचायचं पुस्तक

कोथरूडला आमच्या समोर राहणाऱ्या काकू मोजकंच आणि तिरकस बोलतात. मुलीने नोकरी सोडून मांगा, म्हणजे जपानी धाटणीच्या चित्रकथा, काढायला घेतल्या तेव्हा तर त्यांनी तिच्याशी बोलणंच टाकलं.

परवा तिला बघायला पाहुणे आले. मीही तिथे होते. मुलाच्या आई म्हणाल्या, "लग्नानंतर ही चित्रं बंद करावी लागतील."

काकूंनी आतून मुलीचं छापलेलं पुस्तक आणून त्यांच्यापुढे ठेवलं.

"आपण वाचून बघा. उजवीकडून वाचायचं असतं. यातली आई मीच आहे. मीही हेच म्हणाले होते, आणि चुकले होते. चित्रं बंद होणार नाहीत."

पाहुणे चहा संपवून उठले.

"आई, तू वाचलंस?" मुलीने विचारलं.

"दोनदा. पण मी इतकी जाडी नाही."

मुलगी एवढी हसली, की जिन्यातल्या पाहुण्यांनाही ऐकू गेलं असणार.