सात आतून गंजलाय

वाळवंटातल्या त्या लाइनीवर स्टेशनांना नावं नाहीत. रूळ टाकले तेव्हा नाव ठेवायला तिथे माणूसच नव्हता. म्हणून नाईलकाठच्या हल्फा गावापासून मोजत एक ते दहा आकडे दिले आणि ते तसेच राहिले. पुढे ते माणसांनाही चिकटले. जादल्ला चौदा वर्षं सात नंबरचा नाझर, म्हणजे स्टेशन मास्तर होता. फोनवर तो नुसता 'सात' आणि घरात, परगावी राहणाऱ्या मुलीच्या नावाने, 'रौदाचे बाबा'. जादल्ला अशी हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं.

तो जन्मतः संशयी नव्हता. उमेदवारीत असताना अतबरा जंक्शनच्या पलीकडच्या एका स्टेशनावर रूळ बदलणाऱ्या सांधेवाल्याने लांबून ओरडून सांगितलं, "सांधा लागला!" जादल्लाने विश्वास ठेवला आणि हिरवा झेंडा हलवला. डिंकाच्या पोत्यांनी भरलेले तीन डबे वाळूत आडवे झाले. कोणी मेलं नाही, पण त्या दिवसापासून तो कोणाच्या शब्दावर गेला नाही. सांध्यावर स्वतः हात ठेवल्याशिवाय त्याने एकही गाडी सोडली नाही. ही सवय हळूहळू घरात शिरली. चहात साखर घातली असं बायकोने सांगितलं, तरी तो चमच्याने तळ ढवळून बघायचा.

"चौतीस वर्षं झाली लग्नाला," सित्तना म्हणायची. "एकदा काझीला बोलावून त्याचीही खात्री करून घ्या."

सात नंबरवर विहीर नाही. बाजूच्या रुळावर पाण्याचा एक जुना टाकीडबा उभा असतो. तो आठवड्यातून एकदा भरला जातो, आणि आठवडाभर ठिबकतो. नवा डबा मिळावा म्हणून जादल्लाने दोन वर्षांत पाच अर्ज केले होते. नमाजाआधी हातपाय धुतलेलं पाणी मात्र तो वाया जाऊ द्यायचा नाही. त्याने एक लहानशी चारी खणून ते घरामागे नेलं होतं आणि त्यावर एक कडुनिंब वाढवला होता. अकरा वर्षांचं झाड. सहा नंबरपासून नऊ नंबरपर्यंत तेवढीच एक सावली. सित्तना तिथे बसून कॉफी कुटायची. नोकरीची दोन वर्षं उरली होती, ती याच सावलीत काढायची, एवढंच जादल्लाला हवं होतं. दुसरीकडे कुठे पाठवलं तर झाड काही बरोबर नेता येणार नव्हतं.

एका सोमवारी दुपारी फोनची घंटा वाजली. दोन लांब, एक तोकडी, म्हणजे आठ नंबरची. साऱ्या लाइनीला तार एकच. नियम असा, की आपली घंटा वाजली तरच फोन उचलायचा. रिवाज असा, की कोणाचीही वाजली तरी उचलायचा, फक्त श्वास रोखून. जादल्लाने उचलला.

हल्फाचा कंट्रोलर बोलत होता. "सात आता संपला, अवद. त्याच्यात काही दम उरला नाही. आतून गंजलाय."

"चौदा वर्षं झाली ना त्याला?" हा आठचा नाझर अवद-अल-करीम, जादल्लाचा जुना दोस्त.

"जास्तच. वरून रंग चांगला दिसतो इतकंच. सारखा गळतो."

गेलं वर्षभर जादल्लाला रात्री चार-चारदा उठावं लागायचं. हे सित्तनाशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं. हल्फापर्यंत पोचवलं कोणी?

"बुधवारच्या गाडीने नवा पाठवतोय," कंट्रोलर म्हणाला. "पण बोभाटा करू नकोस. म्हाताऱ्याला तर अजिबात कळू देऊ नकोस, उगाच गोंधळ घालेल."

"आणि जुन्याचं काय?"

"अतबराला ओढून न्यायचं आणि भंगारात टाकायचं. दुसरं काय?"

दोघंही हसले. अवदसुद्धा हसला. जादल्लाने फोन इतका हळू खाली ठेवला, की जणू त्याखाली विंचू होता.

विचारायचं तरी कसं? विचारलं, तर ऐकत होतो हे कबूल करावं लागणार. संध्याकाळी किसऱ्याची पातळ भाकरी आणि सुक्या भेंडीचं कालवण पुढ्यात आलं, त्यातलं त्याने अर्धं ठेवलं.

"तू रौदाला पत्रात काय काय लिहितेस?" त्याने एकदम विचारलं.

"मला लिहिता येत असतं," सित्तना म्हणाली, "तर तुमच्याशी लग्न केलं असतं का?"

मग त्याने तिला सगळं सांगितलं. ती हसेल असं त्याला वाटलं होतं. ती हसली नाही. तिने दारातून झाडाकडे पाहिलं आणि म्हणाली, "नव्या माणसाची बायको याला पाणी घालेल का हो?"

मंगळवारी मालगाडीसाठी त्याने आठला फोन लावला. लाइन मोकळी आहे का, एवढंच विचारायचं असतं, पण तेवढंच विचारणाऱ्याला आमच्या या लाइनीवर माणसात धरत नाहीत. कसा आहेस, बरा आहेस ना, घरचे कसे, पोरं कशी, वारा होता का, अल्लाची कृपा, आणि तू कसा आहेस, असं दोन्हीकडून निदान दोनदा व्हावं लागतं. अकरा वर्षांत अवदने त्यातला एक शब्द गाळला नव्हता. त्या दिवशी तो म्हणाला, "लाइन मोकळी आहे," आणि फोन ठेवून दिला.

जादल्लाच्या मनात शंकेची पाल चुकचुकली होतीच. आता तिने तिथे घर केलं. कुठेतरी पाणी मुरत होतं.

बुधवारी सकाळी अकराला हल्फाची गाडी आली. जादल्ला गणवेशाची सगळी बटणं लावून उभा होता. पुढच्या डब्यांकडे त्याने पाहिलंच नाही. त्याची नजर गार्डाच्या डब्यावर होती. दार उघडलं आणि आत एक धिप्पाड माणूस दिसला. नवीकोरी खाकी, पत्र्याची पेटी, आणि शेजारी उभी करून ठेवलेली दोरीची खाट. पाहुणा खाट घेऊन येत नाही. खाट आणतो तो राहायला येतो.

"कुठे निघालात?" जादल्लाने विचारलं.

त्या माणसाने गार्डाकडे पाहिलं. गार्ड बशारीने आपल्या चपलांकडे पाहिलं.

"जरा... पुढे," तो माणूस म्हणाला.

"काय काम काढलंत?"

"आहे आपलं सरकारी."

"सांगता येत नाही?"

"सांगू नको म्हणालेत," तो बिचारा म्हणाला, आणि बशारीने कपाळाला हात लावला.

जादल्ला ऑफिसात गेला. यंत्रातून त्याने टोकन काढलं. वेताच्या कड्यात अडकवलेली ती पितळी चकती ड्रायव्हरच्या हाती पडल्याशिवाय गाडी पुढच्या स्टेशनाकडे चाक फिरवू शकत नाही. ते कडं त्याने खांद्यात अडकवलं आणि बाहेर येऊन बाकावर बसला.

दहा मिनिटं गेली. वीस गेली. इंजिनातून ड्रायव्हर उस्ता मक्की ओरडला, "अरे सात! झोप लागली की काय?"

"जागाच आहे," जादल्ला म्हणाला. "पहिल्यांदाच जागा झालोय."

उतारू खाली उतरले. डब्यांच्या सावलीत चादरी अंथरल्या गेल्या. एका म्हातारीने चूल मांडून चहा सुरू केला आणि जादल्लाला सोडून सगळ्यांना विचारला. शेवटी बशारी येऊन त्याच्यापुढे उकिडवा बसला.

"नाझर, तुमच्या पाया पडतो. टोकन द्या."

"आधी सांग. माझ्या जागी याला का आणलंय?"

"तुमच्या जागी?" बशारीने सगळीकडे पाहिलं. वाळू, रूळ, पुन्हा वाळू. "या जागी कोण मरायला येईल, नाझर? पगार दुप्पट केला तरी माझी सासूसुद्धा येणार नाही!"

"मग खाट कशाला?"

"मला खाटेशिवाय झोप येत नाही," खाकीवाला मागून म्हणाला. "मी फिटर आहे. आठवर आठ दिवस काम आहे. डबा बसवायचाय. तिथला सात नंबरचा डबा..." बशारीने त्याला कोपर मारलं, पण उशीर झाला होता.

जादल्ला उठला. गाडीच्या कडेने चालत तो अगदी शेवटपर्यंत गेला. शेपटीला पाण्याने भरलेला नवा टाकीडबा होता, लाल रंग अजून ओलसर वाटावा असा. त्याने हात लावून पाहिला. थेंबभरही गळत नव्हता. या डब्यांनाही आकडे असतात, आणि त्या आकड्यांचा स्टेशनांशी काही संबंध नसतो. अवदकडच्या डब्यावर पांढऱ्या रंगात सात लिहिलेलं होतं. चौदा वर्षं रेल्वेच्या आकड्यांत राहून हे त्याला सुचलं नव्हतं.

तो परत आला आणि त्याने आठची घंटा वाजवली.

"आतून गंजलेला मी नव्हे तर!" तो म्हणाला.

"म्हणजे सोमवारी ऐकत होतास," अवद म्हणाला.

"आणि तू लपवत होतास. पाळी माझी होती. पाच अर्ज केलेत मी."

"माहीत आहे. म्हणून तर काल तुझी विचारपूस करायचा धीर झाला नाही." अवदचा आवाज बारीक झाला. "माझ्याकडे चार पोरं आहेत, जादल्ला. तुझ्याकडे झाड आहे."

कित्येक वर्षांनी कोणीतरी त्याला नावाने हाक मारली होती.

"तू कसा आहेस?" तो म्हणाला. "बरा आहेस ना? पोरं कशी आहेत?"

"अल्लाची कृपा. तू कसा आहेस? सित्तनाबाई? रौदाकडचं काही कळलं?" दोनदा सगळं झालं. बाहेर उस्ता मक्की शिटी दाबून धरून बसला होता. मग अवदने विचारलं, "गाडी किती वेळ उभी आहे?"

"पंचेचाळीस मिनिटं."

"मेलास! कारण काय लिहिणार?"

तेच तर होतं. नोकरी जाणार नव्हती, असं आत्ता कुठे कळलं होतं, आणि आता ती खरोखर जाण्याजोगं काम त्याने स्वतःच करून ठेवलं होतं. संशय आला म्हणून गाडी थांबवली, असं रजिस्टरात कोणी लिहीत नाही.

"उंट लिही," अवद म्हणाला.

"या वर्षी तीनदा उंट लिहिलाय."

"मग उंटीण लिही. रुळांवर व्याली म्हणावं. व्यायलेलीला कोण उठवणार? मीही इकडे तेच लिहितो. आणि ऐक, गाडी थांबलीच आहे तर माझ्या डब्यातून दोन पिंपं काढून घे. झाडाला."

तेवढ्यात तारेवर कोणीतरी फोन खाली ठेवल्याचा 'टक्' असा बारीक आवाज झाला.

"कोण आहे रे?" जादल्ला ओरडला. आणखी एकदा 'टक्' झालं.

फिटरने आणि बशारीने मिळून पिंपं भरली. सित्तनाने फिटरला खाटेवरून चिडवत कॉफी पाजली. जादल्लाने सांध्यावर जाऊन हात ठेवला, परत येऊन टोकन मक्कीच्या हाती दिलं, आणि गाडी आठकडे गेली. दोन पिंपं नाईलचं पाणी झाडाच्या बुंध्याशी ओतलं तेव्हा माती कितीतरी वेळ बुडबुडत होती.

रजिस्टरात त्याने उंटीण लिहिली. त्याच्या हातचं तेवढं एकच खोटं, असं तो नंतर सांगायचा, पण आधीच्या तीन उंटांचं काय, ते मी कधी विचारलं नाही.

आठवडाभर तो चौकशीची वाट पाहत राहिला. आली नाही. पुढच्या बुधवारी सातची घंटा वाजली. हल्फाचा कंट्रोलर होता. कसा आहेस, बरा आहेस ना, घरचे, मुलगी, वारा, सगळं रीतसर विचारून झालं.

"आणि उंटिणीचं पिल्लू कसं आहे?"

जादल्लाने खिडकीतून कडुनिंबाकडे पाहिलं. वर चार-पाच तांबूस पालवीचे तुरे आले होते. सगळं ऐकूनही हा माणूस गप्प का बसला, याला काय हवं असेल, पुढे कधीतरी हे बाहेर काढेल का, सगळं एका दमात त्याच्या डोक्यात येऊन गेलं.

"वाढतंय," तो म्हणाला.